अब्रूची किंमत ५०,००० रुपये

मुंबईच्या रहिवाशांना भुलेश्वरची वाट कोणी सांगावयास नको. फुलांचे ढीग, तांब्यापितळेचीं दुकानें आणि मंदिरांमागून मंदिरें अशा त्या वस्तींत वल्लभ संप्रदायाचें मोठें मंदिर आहे. इ. स. १८५९ च्या आरंभीं संप्रदायाच्या मंदिरांचे दरवाजे कांहीं दिवस भाविकांना बंद झाले होते. दर्शन घेतल्यावांचून अन्नाला स्पर्श करावयाचा नाहीं असा ज्यांचा नेम, त्यांच्या घरांत मोठाच पेंच पडला. मग शहरांतील वजनदार वैष्णव शेटजी एकत्र जमले, आणि त्यांनीं एका कागदावर सह्या केल्या. महाराजांना कोणत्याहि वैष्णवानें न्यायालयांत खेंचूं नये. त्यांना हजेरीची माफी मिळावी म्हणून सर्वांनीं मिळून खटपट करावी. महाराजांविरुद्ध कोणी कांहीं लिहिल्यास त्याला जातीबाहेर टाकावें, असा त्या कागदाचा आशय होता. सह्या झाल्या आणि दरवाजे उघडले.

या कागदाला ‘सत्यप्रकाश’ नांवाच्या एका गुजराती साप्ताहिकानें नांव दिलें : गुलामीखत.

नांव झोंबणारें होतें, आणि तें झोंबलें. कारण सह्या करणारीं माणसें भोळीं नव्हतीं. भाटिया, लोहाणा आणि वाणी जातींतील हे व्यापारी कापसाचे भाव लिव्हरपूलच्या पत्रांवरून ठरवीत. मस्कत-झांजीबारपर्यंत त्यांच्या पेढ्यांचे व्यवहार चालत. कराराच्या एका ओळींत काय दडलें आहे, हें ज्यांना लगेच दिसे, त्यांनीं हा करार मात्र डोळे मिटून केला असें म्हणवत नाहीं. महाराजांना कोर्टाची भीति कां वाटते, हें त्यांतील पुष्कळांना ठाऊक होतें. आदल्या वर्षीं जीवनलालजी महाराजांवर एका दाव्यांत न्यायालयापुढें उभें राहण्याचा प्रसंग आला, तेव्हांपासून ही धडपड चालू होती. देवाचा अंश असलेल्या पुरुषानें साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत कसें उभें राहावें, हें त्याचें सांगण्याचें कारण. पिंजऱ्यांत उभें राहिल्यावर कोणते प्रश्न विचारले जातील, हें न सांगण्याचें.

संप्रदायाच्या मूळ पुरुषावर मात्र या प्रकरणाचा बोल लावणें अन्यायाचें होईल. वल्लभाचार्य (१४७९–१५३१) हे मोठे तत्त्वज्ञ होते. देह कष्टविल्यानेंच ईश्वर भेटतो असें नाहीं. गृहस्थानें घरांत राहून, आपल्या सुखाची प्रत्येक वस्तु प्रथम भगवंताला अर्पण करून, त्याच्या कृपेनें तरावें, असा त्यांच्या पुष्टिमार्गाचा उपदेश आहे. या मार्गानें उत्तर हिंदुस्थानाला अष्टछापाचे कवि दिले, हवेलींतील संगीत दिलें, नाथद्वाराची चित्रकला दिली. वल्लभाचार्यांचे पुत्र विठ्ठलनाथजी यांच्या सात मुलांपासून सात गाद्या झाल्या आणि गुरुपद वंशपरंपरेनें चालूं लागलें. घोटाळ्याचें मूळ येथें आहे. विद्येनें किंवा वैराग्यानें मिळणारें पद एकदां जन्मानें मिळूं लागलें, म्हणजे त्या पदावर जो येईल तो पूज्य. त्याच्या वागणुकीची चौकशी करणें हेंच पाप. तन, मन आणि धन ईश्वराला वाहावें, ही समर्पणाची भाषा. ईश्वर आणि गुरु यांत भेद नाहीं असें ठरलें कीं तीच भाषा कोणत्या वाटेनें जाईल, हें सांगावयास नको. वाहिलेल्या ‘तना’मध्यें शिष्याच्या घरच्या स्त्रियाहि येतात, असा अर्थ कांहीं महाराजांनीं आपल्या सोईनें लावला होता, असा पुढें खटल्यांत आरोप झाला.

‘धना’ची व्यवस्था तर फारच पद्धतशीर होती. कापूस, कापड, साखर, मसाले अशा मालाच्या व्यवहारांवर ‘लागा’ नांवाची एक लहानशी पट्टी बसविलेली असे आणि ती महाराजांकडे जाई. शेटजींच्या औदार्याची फार कीर्ति होई. पण लागा शेवटीं मालाच्या किंमतींत मिसळे, आणि भुलेश्वरचें नांवहि न ऐकलेलें कोंकणांतील एकादें गिऱ्हाईक धोतरजोडी घेतांना त्या पुण्याचा भार उचली.

गुलामीखताला नांव देणारा संपादक करसनदास मुळजी त्या वेळीं सव्वीस वर्षांचा होता. तो जातीनें कपोळ वाणी; जन्म १८३२ चा; शिक्षण एल्फिन्स्टन संस्थेंतलें. आई लहानपणींच गेली, म्हणून नात्यांतील एका वृद्ध स्त्रीच्या घरीं तो वाढला. १८५३ च्या सुमारास एका बक्षिसासाठीं विधवाविवाहावर त्यानें निबंध लिहावयास घेतला. कागद त्या बाईच्या दृष्टीस पडले आणि त्याला घर सोडावें लागलें. निबंध पुरा होण्यापूर्वींच त्याची किंमत चुकती झाली. १८५५ सालीं त्यानें ‘सत्यप्रकाश’ काढलें. स्वतः वैष्णव, त्यांतून गरीब. जातीबाहेर पडलेल्या माणसाला लग्नकार्यांत, सुतकांत, दुकानदारींत कोणी विचारीत नाहीं, हें त्याला पुरतें माहीत होतें. ज्यांच्याजवळ पैसा होता, त्यांना जातीची जितकी भीति वाटत होती, तितकी त्याला वाटली नाहीं. हें पुष्कळदां घडतें; ज्याच्या हातीं गमावण्याजोगें फार असतें तोच आधीं कचरतो.

१८६० च्या जुलैंत सुरतेहून यदुनाथजी व्रजरत्नजी महाराज मुंबईस आले. हे गृहस्थ इतर महाराजांहून कांहींसे निराळे. सुरतेंत मुलींच्या शिक्षणाला त्यांनीं अनुकूलता दाखविली होती, त्यामुळें सुधारकांच्या मनांत प्रथम थोडी आशाहि उत्पन्न झाली असेल. ऑगस्टमध्यें कवि नर्मदाशंकर यांच्याशीं विधवाविवाहावर त्यांचा जाहीर वाद झाला. विषय विधवांचा, पण वाद शास्त्रें ईश्वरप्रणीत आहेत कीं नाहींत या प्रश्नाकडे वळला, आणि सभा गोंधळांत मोडली. विधवा होत्या तेथेंच राहिल्या. नंतर महाराजांनीं स्वतःच्या मतांचा प्रसार करण्यासाठीं एक मासिकहि काढलें. त्याच्या नांवांतच संशय छेदण्याची प्रतिज्ञा होती. शिष्यांनीं वर्तमानपत्रांत लिहूं नये असा करार पावणेदोन वर्षांपूर्वीं झालेला, आणि आतां गुरूच संपादक झाले !

करसनदासांनीं उत्तर दिलें. २१ ऑक्टोबर १८६० च्या ‘सत्यप्रकाशां’त हिंदूंचा मूळ धर्म आणि हल्लींचे पाखंडी मत या विषयावर त्यांचा लेख आला. लेख फार मोठा नाहीं. जुना धर्म कसा होता, पुढें पंथ कसे निघाले, समर्पणाच्या वचनाचा अर्थ कसा बदलला, आणि त्या अर्थाच्या आडून महाराज भाविकांच्या बायकामुलींच्या बाबतींत कसे वागतात, हें त्यांत स्पष्ट शब्दांत लिहिलेलें होतें. शेवटीं यदुनाथजींना नांव घेऊन विचारलें होतें कीं, धर्माचा प्रसार करावयास निघण्यापूर्वीं आपण आपलें व आपल्या बांधवांचें आचरण कां सुधारीत नाहीं ? यांत नवें असें कांहींच नव्हतें. पेढ्यांवर, ओट्यांवर जें हलक्या आवाजांत बोललें जाई, तेंच छापून आलें होतें. गुन्हा तोच झाला.

१४ मे १८६१ रोजीं यदुनाथजी महाराजांनीं मुंबईच्या सुप्रीम कोर्टांत बेअब्रूचा दावा दाखल केला. प्रतिवादी दोन : करसनदास, आणि पत्राचे पारशी मुद्रक नानाभाई रुस्तमजी राणीना. वैष्णवांच्या जातींतून नानाभाईंना कोणी बाहेर टाकूं शकत नव्हतें, हें खरें; पण माफी मागून मोकळें होण्याची वाट त्यांनाहि उघडी असतांना ते शेवटपर्यंत मित्राजवळ उभे राहिले, हें विसरूं नये. मागितलेली भरपाई ५०,००० रुपये.

येथें क्षणभर थांबून १८५९ चा तो कागद पुन्हां पाहावा. महाराजांसारख्या पूज्य पुरुषांना इंग्रजी न्यायालयाची पायरी चढावयास लावणें म्हणजे धर्माचा उच्छेद, असें त्यांत गृहीत होतें. त्यासाठीं मंदिरें बंद ठेवलीं गेलीं, सह्या झाल्या. आणि दोन अडीच वर्षांच्या आंत त्याच पंक्तींतील एक महाराज आपण होऊन तीच पायरी चढले. दुसऱ्यानें बोलाविलें तर भ्रष्टता, स्वतः गेलें तर कांहीं नाहीं ! या एका गोष्टीनें कोर्टाबद्दलच्या आक्षेपाचा धार्मिकपणा जितका उघडा पडला, तितका करसनदासांच्या दहा लेखांनीं पडला नसता.

दावा उभा राहिल्यावर शेटजींची खरी परीक्षा आली. प्रतिवादींना लेखांतील विधानें खरीं आहेत हें सिद्ध करावयाचें होतें, आणि तीं सिद्ध करणारीं माणसें जातींतच होतीं. भाटिया जातीच्या पुढाऱ्यांनीं सभा भरविली आणि महाराजांविरुद्ध जो साक्ष देईल त्याला वाळीत टाकावें असा ठराव केला. पण जातीच्या ठरावाला जो अर्थ जातींत असतो, तो कोर्टांत नसतो. साक्षीदारांना धमकावून न्यायाच्या वाटेंत अडथळा आणल्याबद्दल नऊ जणांवर कटाचा खटला झाला. डिसेंबर १८६१ मध्यें सर जोसेफ आर्नोल्ड यांच्यापुढें तो चालला; आरोपी दोषी ठरले; मुख्य दोघांना प्रत्येकीं १,००० आणि बाकीच्यांना ५०० रुपये दंड झाला.

त्या काळांत हजार रुपये ही मोठी रक्कम. पण या शेटजींना नव्हे. त्याच वर्षीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें होतें, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला होता, आणि मुंबईच्या कापसावर सोन्याचा पाऊस पडण्यास सुरवात झाली होती. दंडाची रक्कम एका सौद्यांत भरून निघाली असती. भरून निघाला नाहीं तो दरारा. जातीचा हुकूम मोडतां येतो, एवढेंच नव्हे तर हुकूम देणाराच शिक्षेस पात्र होतो, हें लोकांनीं प्रथमच पाहिलें; मिटलेलीं तोंडें उघडूं लागलीं.

मूळ दाव्याची सुनावणी २५ जानेवारी १८६२ रोजीं सुरू झाली. अपोलो स्ट्रीटवरील जुन्या इमारतींत त्या वेळीं सुप्रीम कोर्ट भरे. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्यें तें जाऊन हायकोर्ट आलें, म्हणजे त्या कोर्टाच्या अखेरच्या मोठ्या खटल्यांपैकीं हा एक. न्यायासनावर मुख्य न्यायाधीश सर मॅथ्यू सॉस आणि सर जोसेफ आर्नोल्ड. वादीच्या बाजूनें बेली आणि स्कोबल. प्रतिवादीच्या बाजूनें अँस्टी आणि डनबार. यांपैकीं अँस्टी हा मोठा विलक्षण पुरुष. हाँगकाँगचा अॅटर्नी-जनरल असतांना तेथल्या अधिकाऱ्यांच्या लांचलुचपतीवर त्यानें असा हल्ला चढविला कीं सरकारनें त्यालाच दूर केलें. मग तो मुंबईस वकिली करूं लागला. करसनदासांना याहून योग्य वकील शोधूनहि मिळाला नसता.

चोवीस दिवस काम चाललें. पुष्टिमार्गाच्या ग्रंथांतील वचनें कोर्टांत वाचलीं गेलीं. मिशनरी पंडित डॉ. जॉन विल्सन यांनीं त्यांच्या अर्थाबद्दल साक्ष दिली. वादीच्या बाजूचे शिष्य आले आणि महाराजांच्या वागणुकीबद्दल आपण वाईट कांहीं ऐकलें नाहीं असें शपथेवर सांगून गेले. भुलेश्वरांत जन्म काढलेल्या व्यापाऱ्यांचें हें न ऐकणें न्यायाधीशांच्या गळीं उतरलें नाहीं. उलट बाजूला मथुरादास लवजी आणि लखमीदास खिमजी हे दोघे प्रतिष्ठित भाटिये साक्षीस उभे राहिले. जातीचा ठराव, भाईबंदांचे डोळे, घरच्या बायकांची नाराजी हें सर्व सोसून त्यांनीं जें पाहिलें व ऐकलें तें सांगितलें. सर्वच श्रीमंत एका मापानें मोजतां येत नाहींत, हें या दोघांमुळें लक्षांत राहतें.

मराठी वाचकाला या साक्षीदारांत एक ओळखीचें नांव भेटतें : डॉ. भाऊ दाजी. गोमंतकांतील मांद्रे येथें जन्मलेले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडींतून १८५१ सालीं बाहेर पडलेले, प्राचीन शिलालेखांचे व्यासंगी भाऊ दाजी हे वैष्णवांच्या वादांत तिऱ्हाईत होते. परंतु वैद्यकीच्या निमित्तानें महाराजांच्या वाड्यांत त्यांचा प्रवेश होता. ते आणि डॉ. धीरजराम दलपतराम हे दोघे साक्षीस आले. वादी महाराजांनीं स्वतः साक्ष देऊन आपल्या निष्कलंक आचरणाची ग्वाही दिली होती आणि आपल्याला दुराचारजन्य रोग झाल्याचें शपथेवर नाकारलें होतें. डॉक्टरांच्या साक्षीपुढें तें नाकारणें टिकलें नाहीं. रोग्याचें गुपित वैद्यानें उघड करावें काय, हा प्रश्न आजच्या डॉक्टरांना अस्वस्थ करील, आणि तो अगदींच अनाठायीं नाहीं. पण रोगी स्वतः चारचौघांत शपथ घेऊन खोटें बोलत आहे, त्या खोट्याच्या बळावर एका गरीब संपादकाकडून ५०,००० रुपये मागत आहे, आणि वैद्याला शपथेवर प्रश्न विचारला गेला आहे. अशा वेळीं गप्प राहणें हीहि एक बाजू घेणेंच झालें असतें.

एक उणीव सबंध कामकाजाला चिकटून राहिली आहे. खटला ज्यांच्या अब्रूभोंवतीं फिरत होता त्या स्त्रियांचा आवाज त्यांत कोठें ऐकूं येत नाहीं. त्यांच्याबद्दल नवरे बोलले, शेटजी बोलले, वकील, डॉक्टर आणि मिशनरी बोलले. स्त्रियांनीं महाराजांना भजावें असा आग्रह घरांतील कोणी धरला, त्या गेल्या त्या भक्तीनें, भीतीनें कीं दुसरा मार्ग नव्हता म्हणून, हें त्यांना कोणीं विचारलें नाहीं. सुधारकांनींहि विचारलें नाहीं.

२२ एप्रिल १८६२ रोजीं निकाल लागला. लेखांतील मुख्य आरोप सिद्ध झाले असें दोन्ही न्यायाधीशांनीं धरलें. महाराजांच्या शपथेवरच्या जबानीवर त्यांनीं विश्वास ठेवला नाहीं. ५०,००० ची मागणी बुडाली आणि प्रतिवादींना खर्च मिळाला. त्यांचा जो खर्च झाला होता, त्यापैकीं ११,५०० रुपये परत आले. आर्नोल्डसाहेबांच्या निकालपत्राचा गाभा असा होता कीं, कोर्टापुढें धर्मशास्त्राचा प्रश्नच नाहीं. प्रश्न नीतीचा आहे, आणि जें नीतीला सोडून आहे तें कोणत्याहि धर्मशास्त्रानें योग्य ठरूं शकत नाहीं. करसनदासांनीं एका बलाढ्य अनाचाराशीं झुंज दिली, याबद्दल त्यांचें व त्यांच्या सहकाऱ्यांचें न्यायाधीशांनीं अभिनंदनहि केलें.

विधान सोनेरी अक्षरांत लिहावें असें आहे, आणि तें पुष्कळदां तसें लिहिलेंहि गेलें आहे. मात्र ज्या सरकारच्या न्यायासनावरून तें उच्चारलें गेलें, त्या सरकारच्या तिजोरींत त्या सालीं माळव्याच्या अफूच्या जकातीचा पैसा मुंबई बंदरावरून भरभरून येत होता, आणि ती अफू चीनच्या लोकांच्या गळीं उतरविण्यासाठीं दोन युद्धें होऊन गेलीं होतीं. नीतीला सोडून जें आहे तें राजनीतीनें योग्य ठरतें कीं नाहीं, हा प्रश्न त्या कोर्टापुढें कोणी आणला नाहीं. १८५८ च्या जाहीरनाम्यांत राणीनें प्रजेच्या धर्मांत ढवळाढवळ न करण्याचें वचन दिलें होतें. निकालानंतर इंग्रजी पत्रांनीं देशी लोकांच्या अंधश्रद्धेवर भरपूर कोरडे ओढले, करसनदासांना हिंदुस्थानचा ल्यूथर म्हटलें. अफूचे पेटारे गोदीवर चढतच होते.

ल्यूथरची उपमा तशी फुगविलेलीच होती. रोमचें पीठ हादरलें तसें येथें कांहीं झालें नाहीं. मंदिरांत झांकी चालू राहिली, संप्रदाय टिकला, वाढलाहि. शेटजी लोक १८६३ पासून शेअरांच्या वेडांत सांपडले आणि १८६५ च्या जुलैंत तो डोलारा कोसळला, तेव्हां सनातनी आणि सुधारक एकाच रांगेंत दिवाळखोर झाले. नर्मदाशंकरांनीं उतारवयांत आपलीं जुनीं सुधारकी मतें टाकून दिलीं, पण तें त्यांनीं उघडपणें लिहून केलें. ‘धर्मविचार’ हा त्यांचा ग्रंथ १८८५ चा. लोकांनीं त्यांना दोष दिला. एक मत छापून दुसरें घरांत पाळणाऱ्यांना त्यांच्याइतका दोष कोणी दिला नाहीं.

या खटल्याची ऊब अजून पुरती गेलेली नाहीं. त्यावर आधारलेला ‘महाराज’ नांवाचा चित्रपट जून २०२४ मध्यें प्रदर्शित व्हावयाचा होता. भाविकांच्या तक्रारीवरून गुजरात हायकोर्टानें तो कांहीं दिवस अडविला, मग स्वतः पाहून २१ जूनला मोकळा केला. निकालपत्र तर १६२ वर्षें कोणालाहि वाचावयास खुलें होतें.

करसनदास १८६३ सालीं कापसाच्या व्यापारासाठीं इंग्लंडला गेले. तेथील हवा मानवली नाहीं म्हणून ते लौकरच परतले. समुद्र ओलांडल्याबद्दल कपोळ जातीनें त्यांना बहिष्कृत केलें. महाराजांवर लिहिल्याबद्दल जी शिक्षा गुलामीखतानें ठरविली होती, तीच आतां जहाजाच्या तिकिटाबद्दल मिळाली. याच जातींत असे व्यापारी होते कीं ज्यांचा कापूस दर पंधरवड्याला तोच समुद्र ओलांडीत असे आणि त्याचे पैसे परत येतांना प्रायश्चित्त घेत नसत. कोर्टांत त्यांच्या विजयानें हरखलेल्या पुष्कळ श्रीमंत मित्रांना आतां त्यांच्या पंक्तीस बसणें अवघड वाटूं लागलें. १८६६ मध्यें त्यांनीं आपल्या इंग्लंडच्या प्रवासाचें सचित्र पुस्तक गुजरातींत प्रसिद्ध केलें. पुढल्या वर्षीं काठेवाडांत राजकोट संस्थानच्या कारभाराची नोकरी मिळाली, मग लिंबडीची. आणि तेथेंच, मुंबईपासून दूर, २८ ऑगस्ट १८७१ रोजीं वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं ते वारले. जातीचा बहिष्कार त्या वेळींहि उठलेला नव्हता.